व्यापाराची पाहणी : डेन्मार्कचे लोणी व हिंगोलीची हळद



गेल्या वर्षी फाल्गुन महिन्यात, वार्षिक परीक्षा तोंडावर आली असता, इयत्ता नववीच्या वर्गात बाजारभावाचा पाठ चालू होता. मागणी वाढली म्हणजे भाव चढतो व पुरवठा वाढला म्हणजे तो उतरतो, हा सर्वश्रुत नियम फळ्यावर लिहून होतो न होतो तोच मागील बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आमची आणि चुलत्यांची हळद एकाच विहिरीच्या पाण्यावर वाढली. बेणे एक, शिजविणारा कुकर एक. एकाच दिवशी एकाच बाजारात दोघांचे ढीग लागले. तरी चुलत्यांना क्विंटलमागे आठशे रुपये अधिक मिळाले. ह्यात मागणी कोणती आणि पुरवठा कोणता?"

वर्गात कोणी हसले नाही. निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी हळद होती व तो प्रश्न त्यांच्याही घरचा होता. कोणी म्हणाले, नशीब. कोणी म्हणाले, चुलत्यांची आडत्याशी जुनी ओळख असेल. कोणी म्हणाले, ह्यांचा ढीग दुपारनंतर बोलीस आला असेल. मी फळ्यावरील नियमाकडे पाहिले. त्यात उत्तर नव्हते. त्या फरकाच्या पैशांतून त्या मुलाच्या बहिणीचे वसतिगृहाचे शुल्क भरावयाचे होते, हे मला मागाहून कळले. शिक्षकाला उत्तर आले नाही म्हणजे ते विद्यार्थ्यांचे त्याच्यावर ऋण राहते. प्रस्तुत लेख हा त्या ऋणाचा पहिला हप्ता होय.

पाहणी म्हणजे काय?

व्यापारधंद्याविषयी आपण जे बोलतो त्याचे तीन प्रकार करता येतील. पहिला ऐकीव : "अमक्या बाजारात भाव चांगला मिळतो." दुसरा तर्काचा : "आवक कमी आहे, तेव्हा भाव चढलाच पाहिजे." तिसरा पाहणीचा : "मी अमुक दिवशी इतके ढीग पाहिले, त्यांची प्रत अशी होती, त्यांस हा भाव मिळाला." पहिले दोन प्रकार सर्वस्वी टाकाऊ आहेत असे नव्हे. ऐकीव गोष्टीतून प्रश्न सुचतो आणि तर्काने त्यास आकार येतो. परंतु उत्तर मात्र पाहणीवाचून हाती लागत नाही. वैद्य ज्याप्रमाणे रोग्याचे वर्णन ऐकतो, मनाशी निदान बांधतो, पण नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही, त्याप्रमाणेच धंद्याचा अभ्यास करणाराने वागले पाहिजे.

ह्या रीतीने मोठ्या देशांचा अभ्यास करणे कठीण असते. तेथे कारणे शेकडो व ती एकमेकांत गुंतलेली. लहान देशात मात्र एखादा धंदा मुळापासून शेंड्यापर्यंत नजरेच्या टप्प्यात येतो. म्हणून अर्थशास्त्राच्या अभ्यासकांस युरोपातील लहान देशांविषयी विशेष कुतूहल वाटत आले आहे. त्यांपैकी डेन्मार्क ह्या देशाचे उदाहरण आपल्या जिल्ह्यास सर्वांत अधिक उपयोगी आहे. १८८० च्या सुमारास डेन्मार्कची लोकसंख्या अवघी २० लक्षांच्या आसपास होती. २०११ च्या शिरगणतीत एकट्या हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११ लक्ष ७७ हजार भरली. म्हणजे तो देश त्या वेळी आपल्यासारख्या दोन जिल्ह्यांएवढाही नव्हता!

डेन्मार्कचे लोणी

१८६४ मध्ये प्रशिया व ऑस्ट्रिया ह्यांच्याशी झालेल्या युद्धात डेन्मार्कचा पराभव होऊन दक्षिणेकडील मोठा मुलूख त्याच्या हातून गेला. त्या धक्क्यातून देश सावरतो न सावरतो तोच १८७० नंतरच्या दशकात दुसरे संकट ओढवले. आगगाड्या व आगबोटी ह्यांच्या योगे अमेरिका व रशिया येथील स्वस्त धान्य युरोपच्या बाजारात येऊन पडू लागले आणि धान्य विकून जगणाऱ्या डॅनिश शेतकऱ्याचा भाव बसला. इतर कित्येक देशांनी परक्या धान्यावर जकात बसविली. डेन्मार्कने निराळी वाट धरली. धान्य स्वस्त झाले ना? मग ते विकू नये. गाईंना व डुकरांना चारावे आणि लोणी व मांस इंग्लंडास विकावे!

परंतु लहान शेतकऱ्याचे लोणी इंग्लंडात खपेना. कारण उघड होते. दोनचार गाई बाळगणारा शेतकरी दूध पसरट भांड्यांत तासन्‌तास ठेवी, वर आलेली साय काढी व घरीच लोणी करी. एकाचे गोड, दुसऱ्याचे आंबूस, तिसऱ्याचे खारट. व्यापारी ते सर्व एकत्र करून हलक्या भावाने विकी. मोठ्या जमीनदारांच्या गोठ्यांतील लोणी मात्र एकाच प्रतीचे असल्यामुळे त्यास उंच भाव येई. चार घरांचे दूध एकत्र करावे, तर वाटेत गाडीच्या हादऱ्यांनी ते ढवळले जाऊन त्यावर नीट साय धरीत नसे.

१८७८ च्या सुमारास दूध वेगाने फिरवून साय निराळी करणारे यंत्र प्रचारात आले आणि ही अडचण दूर झाली. गाडीतून आलेले दूधही यंत्रात चाले. पण यंत्र महाग व त्यास दूध पुष्कळ लागे. तेव्हा १८८२ मध्ये पश्चिम जटलंडमधील येडिंग ह्या खेड्यातील शेतकऱ्यांनी आपसांत करार करून सामायिक दुग्धालय काढले. ही डेन्मार्कमधील पहिली सहकारी डेअरी मानली जाते. नियम थोडे पण कडक होते. घरी लागेल तेवढे ठेवून बाकीचे सर्व दूध सभासदाने डेअरीसच घालावे. कर्जाची जबाबदारी सर्वांवर मिळून असावी. आणि मत माणसागणिक एक असावे, गाईंच्या संख्येवर नसावे. ही चाल इतकी पसरली की, ते शतक संपताना अशा डेअऱ्यांची संख्या हजाराच्या घरात गेली.

येथपर्यंतची कथा पुष्कळ पुस्तकांत सापडते. पण तिच्या पोटात एक लहान गोष्ट दडलेली आहे व तीच आपल्या कामाची आहे. दूध मोजून पैसे द्यावयाचे ठरले, तेव्हा ज्याच्या गाईचे दूध पातळ त्यालाही तितकेच व ज्याचे दाट त्यालाही तितकेच! मग दाट दूध घालण्यात फायदा कोणाचा? आणि दुधात तांब्याभर पाणी मिसळण्याचा मोह कोणास होणार नाही? एकाने पाणी घातले की शेजाऱ्यास वाटते, मीच तेवढा भोळा का राहावे? अशा रीतीने सहकाराचे मडके पाण्यानेच फुटावयाचे.

ते फुटले नाही ह्याचे श्रेय बऱ्याच अंशी एका शिक्षकाकडे जाते. नील्स योहानेस फ्योर्ड हे कोपनहेगन येथील कृषिविद्यालयात अध्यापक होते. साय काढण्याच्या निरनिराळ्या पद्धतींत कोणती अधिक लोणी देते, हा वाद त्यांनी बोलून मिटविला नाही. गोठ्यांत व दुग्धालयांत जाऊन, वजने घेऊन, तेच प्रयोग पुन्हा पुन्हा करून मिटविला. १८८३ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली प्रयोगशाळा उभी राहिली. प्रत्येकाच्या दुधाचा लहान नमुना फिरवून त्यात सायीचे प्रमाण किती हे मोजण्याची सोपी युक्ती त्यांनी प्रचारात आणली. त्यानंतर दुधाचे पैसे वजनाबरोबरच स्निग्धांशावरही मिळू लागले. पाणी घालणाराचा लाभ संपला व दाट दूध घालणाराचा सुरू झाला. पुढे १९०६ पासून परदेशी जाणाऱ्या लोण्यावर 'लूर' हे राष्ट्रीय चिन्ह कायद्याने आवश्यक झाले. इंग्लंडातील गृहिणीस डॅनिश शेतकरी ठाऊक नव्हता. पण चिन्ह ठाऊक होते व त्यामागे माप होते.

सारांश, डॅनिश शेतकऱ्यांस केवळ एकमेकांवरील प्रेमाने एकत्र आणले नाही. आधी माप आले. मापातून विश्वास आला. आणि विश्वासातून भागीदारी टिकली.

पाहणीने पाहणीस सुधारावे

ही कथा ऐकून, सहकार केला म्हणजे देश श्रीमंत होतो, असा निष्कर्ष कोणी काढील. येथेच सावध राहावे. आयर्लंडातही १८८९ मध्ये पहिली सहकारी डेअरी निघाली. हवा तशीच, गाई तशाच, इंग्लंडची बाजारपेठ तर अधिक जवळ. तरी तेथे डेन्मार्कसारखे यश आले नाही. का? काही संशोधक म्हणतात, आयर्लंडात त्या काळी जमिनीवरून व राजकारणावरून जो कलह माजला होता त्याने लोकांस एकत्र येऊ दिले नाही. दुसरे म्हणतात, सभासदाने सर्व दूध संस्थेसच घालावे हा करार डेन्मार्कमध्ये न्यायालयाच्या बळावर पाळता येई. आयर्लंडात तो तसा पाळता येईना, म्हणून सभासद चार पैसे अधिक देणाराकडे दूध नेत. वाद अद्याप चालू आहे, आणि तो चालू राहणे हेच शास्त्राचे जिवंतपण होय.

एकविसाव्या शतकात मार्कुस लांपे व पॉल शार्प ह्या अभ्यासकांनी डेन्मार्कमधील जुन्या जमीनदारांच्या हिशेबवह्या व लेख तपासून आणखी एक गोष्ट पुढे मांडली. त्यांचे म्हणणे असे की, सामान्य शेतकऱ्यांनी १८८२ मध्ये एकाएकी चमत्कार केला नाही. त्यापूर्वी शंभरावर वर्षे मोठ्या जमीनदारांच्या गोठ्यांतून शास्त्रीय दुग्धव्यवसाय, टापटीप व हिशेब ठेवण्याची सवय हळूहळू खाली झिरपत आली होती. सहकाराचे बी पडले तेव्हा जमीन आधीच नांगरलेली होती. ज्या कथेवर एक पिढी विश्वास ठेवते ती पुढच्या पिढीने जुन्या वह्या उघडून तपासावी, ह्यात पहिल्या पिढीचा अपमान नाही.

आपल्या महाराष्ट्रातील पाहण्या

अशा प्रकारची पाहणी केवळ युरोपातच होते असे समजण्याचे कारण नाही. पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान ह्यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर ह्या गावी घरोघर फिरून जमीन, उत्पन्न व कर्ज ह्यांचा तपास केला आणि १९१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. जुन्या दप्तरांशी ताळा घालता त्यांस असे दिसून आले की, १७७१ मध्ये तेथील एका धारणेचे सरासरी क्षेत्र ४० एकर होते, १८१८ मध्ये ते साडेसतरा एकरांवर आले व १९१४-१५ मध्ये अवघे ७ एकर राहिले. कोणाच्याही तक्रारीवाचून, कोणाच्याही व्याख्यानावाचून, हे तीन आकडे एका गावाचा दीडशे वर्षांचा इतिहास सांगतात.

परंतु मान साहेबांचा खरा मोठेपणा पुढेच आहे. पिंपळे सौदागर पुण्यास व खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यास लागून असल्यामुळे तेथील पुष्कळ लोक मजुरीस बाहेर जात. तेव्हा, 'हे गाव दख्खनच्या सर्व गावांसारखे आहे काय?' अशी शंका त्यांनी स्वतःच काढली आणि शहरापासून दूर असलेले, कोरडवाहू जातेगाव बुद्रुक हे दुसरे गाव घेऊन तेथे पुन्हा पाहणी केली. कानिटकर ह्यांच्या सहकार्याने केलेला तो वृत्तांत १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याच निष्कर्षावर शंका घेऊन पुन्हा उन्हातान्हात फिरणे, हा संशोधकाचा पहिला गुण होय.

आपला मुलूख त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे व हिंगोली हा परभणी जिल्ह्याचा भाग होता. त्या संस्थानातही १९२९-३० मध्ये एस. केशव अय्यंगार ह्यांनी खेडोपाडी आर्थिक पाहणी केली. इकडे पुण्यास १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली व प्रा. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. पुण्याच्या बाजारात फळांची खरेदीविक्री कशी होते, वाई तालुक्यातील शेतकऱ्याचा धंदा नफ्याचा की तोट्याचा, असे साधे दिसणारे प्रश्न त्यांनी आकड्यांच्या आधारे सोडविण्याचा प्रयत्न केला. पुढे प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील ह्यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५० मध्ये त्याचे गाळप सुरू झाले, तेव्हा त्याचे अध्यक्षपद ह्याच प्रा. गाडगीळांनी स्वीकारले. ज्याने आयुष्यभर शेतकऱ्याचा जमाखर्च मांडला त्याच्याच हाती कारखान्याचा जमाखर्च आला. पाहणी ही कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे, हे ह्यावरून ध्यानात यावे.

हिंगोलीची हळद

आता आपल्या अंगणाकडे वळू. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत व औंढा नागनाथ ह्या पाच तालुक्यांचा आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून निराळा झाला. पूर्णा, कयाधू व पैनगंगा ह्यांच्या पाण्यावर येथे कापूस, सोयाबीन, तूर ह्यांबरोबर हळदीचे पीक मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. हिंगोली व वसमत येथील हळदीचे बाजार दूरवर प्रसिद्ध आहेत. वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीस ते २०१६ मध्ये व सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये मिळाले होते. हे मानांकन म्हणजे डेन्मार्कच्या 'लूर' चिन्हाचे भावंडच होय. मात्र चिन्हामागे माप नसेल तर ते नुसते कुंकू ठरेल, ही गोष्ट विसरता कामा नये.

हळदीच्या बाबतीत पुराव्याचे मोल केवढे आहे हे जगाने एकदा पाहिले आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठास, हळदीने जखम भरते ह्या 'शोधा'बद्दल पेटंट देण्यात आले. जी गोष्ट आपली आजी चूल न सोडता सांगेल तिचा हा शोध! परंतु आजीचे सांगणे पेटंट कचेरीत चालत नाही. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व छापील लेख पुराव्यादाखल सादर केले, तेव्हा १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. लिहून ठेवलेले ज्ञान लढाई जिंकते, हा त्यातील बोध.

हळदीच्या धंद्यातील पायऱ्या तुम्हांस पुस्तकातून सांगावयास नकोत. ज्येष्ठात लावण, पौष-माघात पाला कापून काढणी, गड्डे व हळकुंडे वेगळी करणे, शिजविणे, दहापंधरा दिवस उन्हात वाळविणे, ढोलात घालून चकाकी आणणे, आणि मग पोती भरून बाजार. साधारणतः चार ते पाच क्विंटल ओल्या हळदीची एक क्विंटल वाळलेली होते. बाजारात ढीग लागतो, खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग पाहतात, हातात घेऊन वाळली किती ह्याचा अंदाज करतात, आणि बोली होते. ही सारी पारख डोळ्यांची व बोटांची. तिच्यात वर्षानुवर्षांचे कसब आहे हे खरे. पण ते कसब घेणाराकडे अधिक व विकणाराकडे कमी, कारण घेणारा रोज शंभर ढीग पाहतो व विकणारा वर्षातून एकदा एक.

आता काही उदाहरणे मांडू. ह्यांतील आकडे कल्पित असून केवळ हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत.

उदाहरण पहिले. दोघा शेतकऱ्यांची प्रत्येकी १०० क्विंटल ओली हळद निघाली. पहिल्याची वाळून २० क्विंटल झाली व त्यास १४,००० रुपये भाव मिळाला. दुसऱ्याची २२ क्विंटल झाली व त्यास १३,००० मिळाला. गावात बोलबाला पहिल्याचा होईल. परंतु पहिल्याची पट्टी २,८०,००० रुपयांची व दुसऱ्याची २,८६,००० रुपयांची! भाव म्हणजे उत्पन्न नव्हे, आणि उत्पन्न म्हणजे नफा नव्हे. नफ्यासाठी अद्याप बेणे, खत, काढणीची व शिजविण्याची मजुरी, जळण, गाडीभाडे, हमाली, तोलाई हे सर्व वजा व्हावयाचे आहे. घरच्या माणसांची, विशेषतः आई व बहीण ह्यांची मेहनत तर पुष्कळ हिशेबांत धरलीच जात नाही. जी मजुरी वहीत येत नाही ती फुकट आहे असे मन मानू लागते, ही मोठी चूक होय.

उदाहरण दुसरे. हळदीतील कोरडा अंश ९० किलो आहे. त्यात ओलावा शेकडा १० ठेवला तर वजन १०० किलो भरेल. शेकडा १४ ठेवला तर सुमारे १०४ किलो ६५० ग्रॅम भरेल. दोघांस क्विंटलला १४,००० हाच भाव मिळाला, तर कमी वाळविणारास सुमारे ६५० रुपये अधिक पडतील. म्हणजे चार दिवस अधिक ऊन दाखविणाराने दंड भरला! खरेदीदारास हे ठाऊक असते. म्हणून तो सर्वांचीच हळद थोडी ओली धरून सर्वांचाच भाव थोडा पाडतो. मग चांगला वाळविणारा म्हणतो, मी तरी का वाळवू? जेथे प्रत मोजता येत नाही तेथे चांगला माल हळूहळू बाजारातून हटतो, हा विचार जॉर्ज ॲकरलॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडला व पुढे २००१ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. डेन्मार्कच्या दुधातील पाणी व आपल्या हळदीतील ओलावा ही एकाच रोगाची दोन नावे आहेत.

उदाहरण तिसरे. "थांबा, दिवाळीला भाव वाढेल," हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. समजा, मार्चात भाव १४,००० आहे व सहा महिन्यांनी तो १४,९०० झाला. शेतकऱ्याच्या डोक्यावर शेकडा १२ व्याजाचे कर्ज असेल, तर सहा महिन्यांचे व्याज ८४० रुपये. वजनात शेकडा १ घट आली तर हाती १४,७५१ रुपये येतील. वाढ ७५१ ची, व्याज ८४० चे. भाव ९०० रुपयांनी चढूनही ८९ रुपये घरचेच गेले, आणि गोदामाचे भाडे तर अद्याप धरलेलेच नाही! थांबणे शहाणपणाचे की नाही, ह्याचे उत्तर ज्याच्या त्याच्या कर्जावर अवलंबून आहे.

तुम्ही काय करावे?

ह्या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत. वसमत येथे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना झाली आहे. निजामाबाद येथे २०२५ च्या जानेवारीत राष्ट्रीय हळद मंडळाचा प्रारंभ झाला. ही सर्व मंडळी आपापले काम करतील. पण आपल्या गावची पाहणी आपल्याइतकी चांगली दुसरा कोणी करणार नाही. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

पहिली : प्रश्न लहान घ्यावा. 'शेतकरी गरीब का?' हा प्रश्न एका वहीत मावणार नाही. 'आमच्या आळीत दहा घरांनी हळद किती दिवस वाळविली व भाव काय मिळाला?' हा मावेल.

दुसरी : घरे आपल्या सोयीने निवडू नयेत. सडकेवरील पक्की घरेच विचारली तर गाव श्रीमंत दिसेल. यादी करून दर दहावे घर घ्यावे; मग ते वस्तीवर असो की नदीपलीकडे.

तिसरी : जे धंदे बुडाले त्यांचीही विचारपूस करावी. मसाल्याचा वा पापडाचा जो उद्योग चालला त्याचीच कथा सर्व सांगतात. तशाच रीतीने सुरू होऊन जो बंद पडला, त्यास विचारल्यावाचून यशाचे कारण कळत नाही.

चौथी : कर्ज व तोटा ह्यांविषयी चारचौघांत विचारू नये. वहीत नावाऐवजी क्रमांक लिहावा व दिलेले वचन पाळावे. ज्याने आपल्यावर विश्वास टाकून घरची गोष्ट सांगितली त्याची बाजारात चर्चा करणे हे पातक होय.

पाचवी : आपल्या अपेक्षेविरुद्ध जो आकडा येईल तो खोडू नये. पुष्कळदा तोच खरा गुरू असतो.

त्या मुलाची वही

लेखारंभी ज्याचा उल्लेख केला त्या मुलाने यंदाच्या हंगामात एक शंभर पानी वही घातली. घरच्या व चुलत्यांच्या हळदीची काढणीपासून पट्टीपर्यंतची प्रत्येक तारीख त्याने तीत टिपली. त्यात असे दिसले की, चुलत्यांनी हळद चार दिवस अधिक वाळविली, गड्डे व हळकुंडे निरनिराळ्या पोत्यांत भरली व ढोल दोनदा फिरविला. ह्यांच्या घरी वसतिगृहाचे पैसे भरण्याची घाई होती, म्हणून माल लवकर उचलला गेला होता. ज्या पैशांसाठी घाई केली तेच पैसे घाईने कमी केले!

वही दाखविताना त्याचा चेहरा उजळला होता. मी त्यास म्हटले, "बाळ, हे दोनच ढीग आहेत. दोन ढिगांवरून नियम बांधता येत नाही. आणखी दहा घरे पाहा." तो थोडा हिरमुसला, पण दुसऱ्या दिवशी त्याने वहीत दहा घरांची यादी लिहून आणली. त्यात तीन घरे अशी होती की त्यांस यंदा तोटा आला आहे. ती का घेतलीस, असे विचारता तो म्हणाला, "सर, त्यांनाच तर विचारायला पाहिजे."

त्याला माझे उत्तर मिळाले की नाही, हे सांगता येत नाही. मला मात्र त्याचे मिळाले. मित्रहो, येत्या हंगामात तुमच्यापैकी प्रत्येकाने एक वही घालावी, आणि पुढील वर्षीच्या अंकात त्या वह्यांतील गोष्टी आम्हांस वाचावयास मिळाव्यात, एवढीच इच्छा प्रकट करून हा लेख पुरा करतो.